हरकत क्रमांक एक्केचाळीस

पाथरवळच्या नव्या विकास आराखड्यावरच्या हरकतींचा गठ्ठा गुरुवारी दुपारी मारोतीच्या टेबलावर येऊन पडला. त्रेसष्ट अर्ज होते. प्रत्येक अर्ज कोणत्या सर्व्हे नंबरबद्दल आहे ते बघायचं आणि नकाशावर त्या जागी तांबड्या पेन्सिलीनं त्याचा क्रमांक टाकायचा, एवढंच त्याचं काम. लातूर जिल्हा झाला, नगररचनेचं ऑफिस उघडलं आणि सुरवश्यांच्या कुळातला पहिला सरकारी नोकर म्हणून मारोती तिथं ट्रेसर लागला, त्याला आता चौथं वर्ष चालू होतं. या चार वर्षांत त्यानं कितीतरी गावांचे नकाशे उतरवले होते, पण स्वतःच्या गावाच्या हरकती वाचायची ही पहिलीच पाळी.

वाचता वाचता त्याला मजा यायला लागली होती. एकाच्या स्वयंपाकघरातून चाळीस फुटी रस्ता गेला होता. दुसऱ्याच्या घरावर बाग आली होती आणि तो विचारत होता की बाग करायला आधी मी मरायचं का. सतरा नंबरचा अर्ज मात्र हरकतीचा नव्हता, पाठिंब्याचा होता. ‘सर्व्हे नंबर अठ्ठ्याऐंशीमध्ये बसस्थानक दाखवले आहे ते योग्य असून त्वरित करावे.’ खाली सही, नरसिंग सुरवसे. मारोतीचा थोरला भाऊ. मारोती हसला आणि त्यानं नकाशावर सतरा टाकला.

मग एक्केचाळिसावा अर्ज आला. ‘सर्व्हे नंबर अठ्ठ्याऐंशीमध्ये बसस्थानक दाखवले आहे. तेथे तलाव आहे. तो आम्ही बायांनी खांदला आहे. तरी बसस्थानक दुसरीकडे न्यावे.’ खाली डाव्या हाताचा अंगठा आणि नाव, चांगुणाबाई सुरवसे.

माय.

अक्षरही ओळखीचं होतं. तो नांदेडच्या हॉस्टेलात शिकत होता तेव्हा घरची सगळी पत्रं याच गोल अक्षरात यायची. पंचफुला वहिनी, नरसिंगची बायको. म्हणजे नवऱ्यानं बसस्थानक मागितलं होतं आणि बायकोनं सासूच्या अंगठ्याखाली ते हाकलून लावलं होतं.

नगररचनाकार हिरेमठ साहेब मागून कधी येऊन उभे राहिले ते त्याला कळलं नाही. निलंग्याकडचा माणूस, बोलणं कमी, चष्म्यावरून बघायची सवय.

“सुरवसे, हे सतरा आणि एक्केचाळीस तुमच्यातलेच?”

“हो साहेब. एक भाऊ, एक आई.”

“आणि नकाशा तुम्ही उतरवलेला.” साहेबांनी दोन्ही अर्ज हातात धरून शेजारी शेजारी वाचले. “सोमवारी सुनावणीला नकाशे घेऊन तुम्हीच चला. पण तिथं बोलायचं काम समितीचं आणि अर्जदारांचं. तुमचं फक्त नकाशा धरायचं. लक्षात राहील ना?”

मारोतीनं मान हलवली. पण त्या नकाशातली एक गोष्ट साहेबांनाही माहीत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात तो पाथरवळचा नकाशा उतरवत होता. मोजणीवाले गावात गेले तेव्हा पाऊस न पडून दुसरं वर्ष होतं. अठ्ठ्याऐंशी नंबरात त्यांना कोरडी, सपाट जमीन दिसली. सातबाऱ्यावर गायरान होतं. त्यांनी लिहिलं, मोकळी जागा. पण मोजणीच्या मूळ कागदावर त्या जागेच्या दक्षिणेला एक जाड रेघ होती आणि रेघेला बारीक बारीक आडव्या खुणा होत्या. बांधाची खूण. मारोतीनं ती ओळखली होती. त्याचं पेन तिथं थांबलं होतं. मग त्याच्या मनात आलं, ट्रेसरनं दिलेलं उतरवावं, आपल्याला कोण विचारतंय. आणि दुसरंही एक आलं, जे त्यानं नंतर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं: आपल्या वावराला लागून बसस्थानक आलं तर बरंच होईल की. त्यानं रेघ बारीक करून पायवाट म्हणून उतरवली आणि पुढच्या नंबरावर गेला.

---

शनिवारी तो गावी पोचला तेव्हा अंगणात लिंबाखाली सगळे जमलेले होते. त्याला वाटलं होतं भांडण ऐकू येईल. तसं काही नव्हतं. माय शेंगा फोडत होती, नरसिंग बाजेवर बसला होता, आणि लिंबाजी काका दोघांच्या मधोमध, ज्या बाजूला सावली सरकेल त्या बाजूला आपलं पोतं सरकवत होता. जळकोटहून नागुबाई आत्याही आली होती. ती मारोतीच्या बापाची बहीण. बाप गेल्यापासून घरात काही मोठं ठरायचं असलं की तिला निरोप जायचा आणि ती निरोपाच्या आधीच निघालेली असायची.

नरसिंगची बाजू काही वेडगळ नव्हती. आज्याच्या वतनाची सहा एकर जमीन होती, निम्मी लिंबाजी काकाची आणि निम्मी या दोघा भावांची, अजून न वाटलेली. तीन एकर काळी, तलावाच्या बांधाखाली. तीन एकर मुरमाड, वर चाकूरच्या रस्त्याला लागून. नव्या आराखड्यात काळी जमीन पिवळ्या रंगात आली होती, म्हणजे तिथं घरं-दुकानं बांधता येणार होती, कारण शेजारी बसस्थानक. मुरमाड मात्र हिरव्या रंगात, म्हणजे तिथं शेतीच करायची.

“पिवळ्यात आलं की चार खोल्या काढता येतेत,” नरसिंग म्हणाला. “हिरव्यात गेलं तर न्हाणी बांधायला बी हाफिसात दरखास द्यावी लागती. विचार की ह्याला, ह्योच उतरवतो ते. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं आपल्या वावरावर चांगला रंग मारलाय, आन् माय म्हणायली पुसून टाका.”

त्यानं तर हॉटेलची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. ‘पंचफुला टी हाऊस’. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, कारण जिचं नाव होतं तिनं ती बाहेर काढू दिली नव्हती.

लिंबाजी काका तोपर्यंत नरसिंगच्या बाजूचा होता. दुकानं झाली तर एक आपल्याला, असं त्यानं मनाशी धरलं होतं. पंचफुला वहिनी चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं सगळ्यात आधी काकाच्या हातात कप दिला.

“काका, हाटेलात चहा कशाचा करायचा?”

“कशाचा म्हंजे? पाण्याचा.”

“पाणी कुठून आणायचं? गावातल्या हिरी आटल्या. टँकर तीन दिवसांला येतो. मी रोज तलावाच्या पोटात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरते, त्याच पाण्याचा ह्यो चहा हाय. त्या झिऱ्यावर बस उभारली तर आमी बाया डायव्हरला पाणी मागायचं का?”

काकानं कपात बघितलं, घोट घेतला आणि पोतं थोडंसं मायच्या बाजूला सरकवलं. सावली तिकडं गेली नव्हती.

मग नागुबाई आत्यानं बहात्तरच्या दुष्काळातलं सांगायला घेतलं. हे घरात सगळ्यांनी ऐकलेलं होतं, मारोती सोडून. त्या वर्षी तो नांदेडला हॉस्टेलात दोन वेळ जेवत होता आणि इथं माय, आत्या आणि नवी लग्न होऊन आलेली वहिनी डोक्यावर पाट्या घेऊन तलावाची माती वाहत होत्या. सुट्टीत आला तेव्हा तलाव तयार होता. त्याला तो नेहमीच असल्यासारखा वाटला होता. मायनंही कधी त्याला त्याबद्दल काही सांगितलं नाही. आत्या म्हणाली की मुकादम बायांनी खांदलेले खड्डे कमी मोजायचा. एक दिवस चांगुणा वैनीनं त्याला म्हटलं, खाली उतरून मोज. तो उतरला. खड्डा इतका खोल होता की त्याला वर यायला बायांनीच हात द्यावा लागला. त्या दिवसापासून माप बरोबर यायला लागलं.

सगळे हसले. नरसिंगही हसला. मारोती तेवढा हसला नाही. त्याच्यानं राहवेना.

“माय, मोजणीच्या कागदावर बांध हाय,” तो म्हणाला. “मला दिसला होता. मी पायवाट म्हणून काढला.”

मायच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं, रागानं नाही, जसं लांबच्या माणसाला ओळख पटवायला बघावं तसं.

“कामून?”

“मला वाटलं, बसस्थानक झालं तर बरं.”

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “मंग आता बोल. तवा बोलला न्हाईस ते न्हाईस. सोमवारी त्या साहेबासमोर सांग, बांध हाय म्हणून.”

यावर नरसिंग बाजेवरून उठला. मारोतीला वाटलं, आता हा आपल्यावर येणार. पण तो मायसमोर जाऊन बसला.

“त्याला यात वढू नको माय. त्यानं आपल्या तोंडानं चूक सांगितली तर नोकरी जाईल. तुझं माझं भांडण हाय, आपुन भांडू. तू एक्केचाळीस, मी सतरा. ह्याचा नंबर न्हाई यात.”

आणि अशा रीतीनं त्या संध्याकाळी घरात बसस्थानकावरून एक बाजू आणि मारोतीवरून वेगळीच बाजू पडली. वहिनी पहिल्यात सासूकडे होती, दुसऱ्यात नवऱ्याकडे. आत्या दोन्हीत मायकडे. काका जेवण होईपर्यंत दोन्हीकडे होता.

---

सोमवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समितीची माणसं टेबलामागं, मधोमध हिरेमठ साहेब, भिंतीवर नकाशा आणि नकाशाशेजारी मारोती. गावातली ओळखीची माणसं त्याच्याकडे बघून भुवया उडवत होती आणि तो साहेबांनी सांगितल्याप्रमाणे फक्त नकाशा धरून उभा होता.

एकेक नंबर पुकारला गेला. स्वयंपाकघरवाल्याचा रस्ता सहा फूट सरकवायचं ठरलं. बागेवाला इतका वेळ बोलला की शेवटी समितीनंच त्याला पाणी दिलं. सतरा नंबरला नरसिंग उभा राहिला, पण नेमकं काय झालं कोणास ठाऊक, “अर्जात लिहिलंय तेच” एवढं म्हणून खाली बसला.

एक्केचाळीस पुकारल्यावर माय पुढं आली. तिनं पांढरी साडी नेसली होती, विहारात जायची. ती बोलायला लागण्याआधीच आडतवाले शिवप्पा उठले. गावाला मध्यभागी बसस्थानक मिळतंय ते घालवू नका, असं त्यांचं म्हणणं. रेकॉर्डला तलाव नाही, सातबाऱ्यावर नाही, जुन्या नकाशात नाही. आणि दोन वर्षं तिथं पोरं क्रिकेट खेळतात. तलाव असता तर पाणी दिसलं नसतं का?

“शिवप्पा अण्णा,” माय म्हणाली, “औंदा तुमच्या आडतीत तूर आली का?”

“कुठून येणार? पिकलीच न्हाई.”

“मग तुमची आडत बी न्हाई म्हणायची का?”

हॉल हसायला लागला. शिवप्पा स्वतःही हसत खाली बसले, कारण उत्तर त्यांनाही आवडलं होतं. हिरेमठ साहेब मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं मला कळतं. पण समितीला कागद लागतो. तलाव खोदला याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?”

मायकडे कागद नव्हता. ती मारोतीकडे बघेल असं त्याला वाटलं. तिनं बघितलं नाही. ती साहेबांकडेच बघत उभी राहिली. नरसिंगनं शब्द टाकला होता, तो ती पाळत होती. आणि नेमकं त्यामुळेच मारोतीला तिथं गप्प उभं राहणं जमेना.

“साहेब, कागद आहे,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. त्यानं गुंडाळीतून मोजणीचा मूळ कागद काढला आणि टेबलावर पसरला. “ही बांधाची रेघ. मोजणीवाल्यांनी बरोबर दाखवली होती. उतरवताना मी ती पायवाट केली. चूक माझी आहे.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते कागदावर वाकले. त्यांनी रेघेवरून टोकापर्यंत बोट फिरवलं. मारोतीला मागच्या रांगेत नरसिंग कपाळाला हात लावून बसलेला दिसला.

“चूक झाली हे सुनावणीच्या आधी सांगता आलं असतं,” साहेब शेवटी म्हणाले. “त्याबद्दल आपण ऑफिसात बोलू. आता जागा बघू चला.”

---

समिती, अर्जदार आणि अर्धं गाव उन्हातून तलावाकडे निघालं. तलावाच्या पोटात सात-आठ बाया झिऱ्याभोवती बसल्या होत्या. एक बाई खड्ड्यात वाकून वाटीनं पाणी घेत होती आणि बाकीच्या घागरी रांगेत होत्या. इतकी माणसं एकदम येताना बघून त्यांनी पदर सावरले, पण वाटी काही थांबली नाही.

मायनं साहेबांना बांधाच्या आतल्या बाजूला नेलं. तिथं उतारावर खालपासून वरपर्यंत दगड बसवलेले होते.

“ह्या पट्ट्यातले दगड आमच्या टोळीनं बसविले. तिकडले लोहाऱ्याहून आलेल्या बायांनी. तिकडले थोडे वाकडे हायेत,” ती म्हणाली. “साहेब, जरा हितं उभे ऱ्हावा.”

साहेब तळाशी उभे राहिले. त्यांच्यामागं दगडांवर एक फिकट, सरळ रेघ सगळ्या बांधभर गेली होती. खालचे दगड गाळानं पिवळट, वरचे काळे. पाणी जिथपर्यंत चढून राहायचं तिथली रेघ. ती साहेबांच्या डोक्याच्या वर होती. साहेबांनी मागं वळून बघितलं, हात उंच केला. रेघ बोटभर वरच राहिली.

“पाऊस झाला की बस हितवर बुडंल,” माय म्हणाली. “तुमी सुदिक.”

आता मात्र हिरेमठ साहेब हसले.

“तलाव मान्य,” ते म्हणाले. “पण मग मला सांगा, बसस्थानकाला दोन एकर लागतात. रस्त्याला लागून, गावाजवळ, उंचावर. ते मी कुठं दाखवू?”

ज्यांची ज्यांची रस्त्याला जमीन होती ते सगळे इकडंतिकडं बघायला लागले. शिवप्पांना एकदम घरचं काम आठवलं.

“आमचा माळ हाय की,” माय म्हणाली. “चाकूरच्या रस्त्याला. तीन एकर.”

नरसिंगनं मान झटक्यात वर केली. तिनं कोणालाही विचारलं नव्हतं, त्यालाही नाही, मारोतीलाही नाही. आणि निम्मा माळ तर लिंबाजी काकाचा. सगळ्यांच्या नजरा काकाकडे वळल्या. शनिवारपासून दोन्हीकडे सरकत आलेल्या काकाला सरकायला आता जागा उरली नव्हती. त्यानं डोक्याचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला.

“त्या माळावर माझ्या बापानं पेरलं, मी पेरलं,” तो म्हणाला. “हुलगा बी धड आला न्हाई. गाड्या उगवत असतील तर उगवू द्या.”

नरसिंगनं अजून होकार दिला नव्हता. मारोती त्याच्याजवळ सरकला. त्यानं मनातल्या मनात नकाशा उघडला होता आणि माप लावलं होतं.

“दादा, तीनमधले दोन जातील. आत यायचा रस्ता पूर्वेनं दिला तर रस्त्याच्या कडेची पट्टी आपल्याला राहते. एक एकर. आणि बसस्थानकाशेजारचं म्हणून ती पिवळ्यात घ्या अशी सूचना करता येते.”

नरसिंगनं त्याच्याकडे बघितलं, मग झिऱ्याकडे, जिथं पंचफुला वहिनी घागरीच्या रांगेत जाऊन बसली होती आणि तिथूनच त्याच्याकडे बघत होती.

“पाणी तलावाचं आन् दुकान माळावर,” तो हळूच म्हणाला, जणू स्वतःला समजावून सांगत होता. मग मोठ्यानं म्हणाला, “माजी बी मंजुरी हाय साहेब. सतरा नंबर मागं घेतो.”

“सुरवसे,” साहेब मारोतीला म्हणाले, “तुम्ही ट्रेसर आहात का घरचे वकील?” आणि तो काही बोलायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं पुढं म्हणाले, “समिती शिफारस करेल. वरून मंजुरी यायला वर्ष लागेल, दोन लागतील. शब्द मी एवढाच देतो की तलावावर काही येणार नाही. आणि सुरवसे, बांधाची रेघ पुन्हा काढा. जाड काढा.”

---

साहेबांची जीप लातूरला गेली. मारोतीनं घरी भाकरी खाऊन पाचच्या गाडीनं निघायचं ठरवलं होतं. पण अंगणात नव्यानं वाद सुरू झाला होता. काकाचं म्हणणं, बस उत्तरेकडून आत यावी. नरसिंगचं म्हणणं, उत्तरेकडून आली तर दुकानांना पाठ दाखवून उभी राहील. आत्याला जळकोटची गाडी सावलीत लागायला हवी होती आणि वहिनीला बायांसाठी आडोसा हवा होता, तोही आधी, बाकी काही व्हायच्या आधी.

“काढून दाखव,” नरसिंग म्हणाला. “तुझंच काम हाय ते.”

मारोतीनं काटकी उचलली आणि सारवलेल्या अंगणाच्या कडेच्या धुळीत माळ काढला. रस्ता काढला. दोन एकर तोडून दाखवले. प्रत्येक रेघेवर कोणी ना कोणी हरकत घेतली. काकानं चपलेनं एक रेघ पुसली, आत्यानं बोटानं ती परत काढली. मारोती हसत होता, पुसत होता, नवी काढत होता. पाचची गाडी रस्त्यानं गेली तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कोणीही उठलं नाही.

मग माय आली. तिनं त्याच्या हातातून काटकी घेतली. आयुष्यात तिनं कधी पेन्सिल हातात धरली नव्हती. ती खाली बसली, माळाच्या खालच्या बाजूला तिनं सावकाश, जोर देऊन बांधाची रेघ ओढली आणि तिथून काटकी न उचलता पाण्याचा गोल काढायला घेतला. गोल वाढत गेला. काकाच्या पायाखालून गेला, बाजेखालून गेला, चुलीच्या दगडांपर्यंत पोचला. सगळे पाय वर घेत मागं सरकले.

“माय,” मारोती म्हणाला, “तलाव लई मोठा झाला. माप चुकलं.”

“पाऊस येऊ दे,” ती गोल जुळवत म्हणाली. “मग मोज.”